झुकलेला दात

आजोळचा वाडा उतरवला तेव्हा त्यातल्या दोन सागवानी तुळया माझ्या वाट्याला आल्या. त्यांचं पुस्तकांचं कपाट करायचं ठरवलं आणि एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये टेबल सॉवर पहिली तुळई चढवली. यंत्रावर ६० दातांचं पातं होतं. जितके दात जास्त तितका काप साफ, असं मी धरून चाललो होतो. हातभर चीर गेली नसेल तोच मोटर कण्हायला लागली, धूर निघाला आणि कित्येक पावसाळे छप्पर पेललेल्या त्या लाकडाच्या दोन्ही कडा काळ्या पडल्या. तिथले वयस्क सुतार धावत आले. त्यांनी बटण बंद केलं, पात्याकडे एकदा पाहिलं. "अहो, उभं फाडताय ना? मग हे नाही चालायचं," म्हणाले, आणि खुंटीवरचं २४ दातांचं पातं काढून त्या जागी बसवलं.

त्या दोन पात्यांत नेमका फरक काय, हे समजून घ्यायला गेलो आणि पार मागे, शब्दापाशी जाऊन पोचलो.

आपली करवत मूळची संस्कृत 'करपत्र'. सुश्रुतसंहितेत शल्यकर्माची जी वीस शस्त्रं सांगितली आहेत त्यांत करपत्र आहे आणि त्याची कामं दोन दिली आहेत: छेदन आणि लेखन. म्हणजे कापणं आणि खरवडणं. वैद्याने हाडावर चालवायच्या करवतीबद्दलचं हे वर्गीकरण सुताराच्या करवतीलाही चपखल लागू पडतं. दाताला पुरेसा घास मिळाला तर तो कापतो, नाही मिळाला तर नुसता घासत राहतो. माझ्या तुळईवर त्या दिवशी छेदन व्हायच्या ऐवजी लेखन चाललं होतं. करवतीच्या सोबतीला आलेला 'आरा' हा शब्द फारसीतल्या 'अर्रा'चा. तो आता आपल्याकडे मुख्यतः आरागिरणीत उरला आहे.

विदर्भातल्या टसर साडीच्या करवतकाठावर विणकर करवतीचे दात काढतो. ते दात दोन्ही बाजूंनी सारखे उतरतात, देवळाच्या शिखरासारखे. खरी करवत अशी क्वचितच असते. तिचा दात एका बाजूला झुकलेला असतो, आणि करवतीचा सगळा इतिहास म्हटलं तर या झुकण्याचाच आहे. दात कुणीकडे झुकला, किती झुकला, का झुकला.

प्राचीन इजिप्तमधली करवत तांब्याची. तांबं मऊ, पातं पुढे रेटलं तर ते वाकणार, चुरगळणार. म्हणून दात मुठीकडे झुकवले आणि करवत ओढताना कापू लागली, कारण ताणलेलं पातं सरळ राहतं. थीब्जला रेखमिरे या वजिराच्या थडग्यातल्या चित्रांत सुतार काम करताना दिसतात. त्या काळी लाकूड उभ्या खांबाला बांधायचं आणि करवत वरून खाली ओढत आणायची. आपल्याकडच्या जुन्या हातकरवतीही ओढतानाच कापत. जपानी करवती आजही तशाच आहेत. पुढे रेटून कापणारी करवत रूढ झाली ती चांगलं लोखंड आणि पोलाद हाती आल्यावर.

दात झुकवला तरी दुसरी अडचण उरतेच. पातं जेवढं जाड तेवढीच चीर पडली, तर पातं त्या चिरेत आवळलं जातं, आणि ओल्या लाकडात तर भुसा दातांत कोंदून बसतो. इसवीसनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्ग-इतिहासात यावरचा उपाय नोंदवून ठेवला आहे: एक दात डावीकडे वाकवायचा, पुढचा उजवीकडे. मग चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि भुसा बाहेर येतो. उपाय साधा आहे, पण मला तो फार मोठा वाटतो. करवतीने स्वतःच्या अंगापेक्षा रुंद वाट काढली पाहिजे, हा नियम तेव्हापासून आजच्या कारखान्यातल्या पात्यापर्यंत कुणालाही मोडता आलेला नाही.

तिसरी अडचण लाकडाचीच. लाकूड म्हणजे तंतूंची जुडी. उसाचं कांडं डोळ्यांपुढे आणा: आडवं तोडायला धारदार कोयता लागतो, उभं मात्र एकदा फट पडली की चिरत जातं. उभं फाडताना तंतू आधीच एका दिशेत पडलेले असतात, त्यांना फक्त सुटं करत उचलायचं असतं. त्यासाठी पटाशीसारखा सपाट माथ्याचा दात उत्तम. आडवं कापताना मात्र प्रत्येक तंतू दोन जागी तोडावा लागतो, चिरेच्या डाव्या काठाला आणि उजव्या काठाला. पटाशीने ते करायला गेलं तर तंतू तुटण्याऐवजी उपटले जातात आणि कड फाटते. तिथे सुरीच्या टोकासारखा दात हवा, एक डाव्या काठावर रेघ ओढणारा, दुसरा उजव्या. जुना सुतार तिकोनी कानस घेऊन बसला की हेच ठरवत असे. त्याच करवतीला कानस सरळ धरून फाडायचे दात काढता येत आणि तिरकी धरून आडवे कापायचे. माझ्या लहानपणी सुतार दारात आले की पहिला तासभर कानशीचा तो कर्कश, दातांना शिवशिव आणणारा आवाज चालायचा. आम्हाला वाटायचं, काम अजून सुरू झालं नाही. निम्मं काम तर तेच होतं.

आता चाकाकडे येऊ.

ओंडका उंच घोडीवर चढवून एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून आरा ओढण्याची पद्धत आपल्याकडे होती, युरोपातही होती. तिथे घोडीऐवजी बहुधा खड्डा खणत. आरा कापतो खाली येताना. वर नेणं हे नुसतं ओझं. निम्मे श्रम फुकट जातात, हे ज्याने ज्याने आरा ओढला त्याच्या खांद्याला ठाऊक होतं. पातं गोल केलं तर परतीचा हेलपाटाच उरत नाही.

हे पहिल्यांदा कुणी केलं यावर वाद आहे. १७७७ साली साउदॅम्प्टनच्या सॅम्युअल मिलर यांनी लाकूड कापायच्या यंत्राचं ब्रिटिश पेटंट घेतलं. त्यात गोल पात्याचा उल्लेख आहे, पण ओझरता. तोच शोध असता तर त्यांनी त्यावर भर दिला असता; तेव्हा गोल पातं आधीपासून कुठेतरी चालू असावं, असा तर्क अभ्यासक करतात. तो मला पटतो, कारण त्याच साउदॅम्प्टनमध्ये वॉल्टर टेलर हे ब्रिटिश आरमाराला जहाजाच्या कप्प्या पुरवत होते आणि त्यांच्या कारखान्यात गोल पाती फिरत होती. ७४ तोफांच्या एका लढाऊ जहाजाला सुमारे हजार कप्प्या लागत. शेकडो जहाजांचं आरमार, तेव्हा मागणी किती हे सांगायला नको. एकाच मापाचे हजारो तुकडे कापायचे असतील तर माणूस चाकाचा विचार करणारच.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी सांगतात. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड गावी शेकर पंथाची वसाहत होती. तिथल्या टॅबिथा बॅबिट या बाईंनी दोन माणसांना आरा ओढताना पाहिलं आणि त्यातली निम्मी ओढ वाया जाते हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी आपल्या चरख्याला पत्र्याची दातेरी चकती लावून पाहिली, असं म्हणतात. साल सांगतात १८१३. शेकर मंडळी सहसा पेटंट घेत नसत, म्हणून कागदोपत्री पुरावा नाही. शेकरांच्याच दुसऱ्या वसाहतीतल्या पुरुषांची नावंही याच शोधासाठी घेतली जातात, तीही वीस वर्षं आधीची. इतिहासकार बॅबिटबाईंचा मान मान्य करत नाहीत, आणि तारखा पाहता तो मान्य करता येणारही नाही. पण म्हणून ती गोष्ट टाकून द्यावी असं मला वाटत नाही. समुद्रापलीकडे एका कारखान्यात काय चाललं आहे हे चरख्यावर बसलेल्या बाईला कळण्याचं कारण नव्हतं. तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि आपल्या घरातल्या चाकाने उत्तर शोधलं, हे घडू शकतं. एकाच अडचणीने गांजलेली माणसं निरनिराळ्या गावांत एकाच उत्तराशी पोचतात.

टेबलाचं श्रेय मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सॅम्युअल बेंथम, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचे धाकटे भाऊ. १७९३ च्या त्यांच्या पेटंटात बाक आहे, बाकात चीर आहे, चिरेतून वर आलेलं गोल पातं आहे आणि लाकूड टेकवून सरळ सरकवायला समांतर पट्टी आहे. आजचा टेबल सॉ याहून फारसा वेगळा नाही. या पट्टीपाशी मी जरा थांबतो. आपला 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार'पासून आला आहे. त्याची ओळख करवतीवरून नाही, दोरीवरून ठरली. काव किंवा काजळी लावलेलं सूत ताणून ओंडक्यावर फटका मारायचा आणि उमटलेल्या रेघेवरून आरा चालवायचा. रेघ सोडली तर फळी गेली. बेंथम यांच्या पट्टीने ती रेघ यंत्रात बसवली. नजर आणि हात यांचं एवढं मोठं काम एका लाकडी पट्टीकडे गेलं.

बेंथम पुढे आरमाराच्या कारखान्यांचे प्रमुख निरीक्षक झाले आणि त्यांच्याच पुढाकाराने पोर्ट्समथच्या गोदीत मार्क ब्रुनेल यांनी कप्प्यांचा यांत्रिक कारखाना उभारला. यंत्रं हेन्री मॉड्सली यांनी घडवली. ४५ यंत्रं, १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० कप्प्या, ११० माणसांचं काम १० माणसं करू लागली. याच सुमारास, याच आरमारासाठी मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया सागवानी जहाजं बांधत होते. ७४ तोफांचं 'मिंडन' १८१० साली मुंबईत पाण्यात उतरलं. 'त्रिंकोमाली' १८१७ चं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. एकाच काळात, एकाच धन्यासाठी कप्पी चाकावर कापली जात होती आणि मुंबईत जहाजाची फळी हाताच्या आऱ्याने.

ब्रुनेल यांनी पुढे बॅटरसीला पातळ लाकडी पापुद्रे काढायची गिरणी काढली आणि तिच्यात सतरा-अठरा फूट व्यासापर्यंतची चाकं फिरवली, तुकड्या-तुकड्यांची पाती जोडून केलेली. इतकं मोठं गोल पातं एकसंध करणं तेव्हा शक्यच नव्हतं. लहान पात्यालाही एक दुखणं होतं. गोल पातं वेगात फिरतं तेव्हा त्याची कड ताणली जाते, घर्षणाने तापते, फुगते. मधला भाग मात्र आहे तसाच. मग ताटाची कड लवते तसं पातं डगमगतं आणि काप नागमोडी जातो. यावरचा इलाज कारागिरांनी हातोडीने शोधला. पातं ऐरणीवर ठेवून मधला भाग ठोकून ठोकून किंचित सैल करायचा, इतका की थांबलेलं पातं जरासं ढिलं वाटावं आणि पूर्ण वेगात तेच ताठ, सपाट व्हावं. किती ठोके, कुठे, हे पट्टी टेकवून आणि कान देऊन ठरायचं. आरागिरण्यांत हे जाणणाऱ्या माणसाला 'सॉ डॉक्टर' म्हणतात आणि मला ती पदवी पूर्ण रास्त वाटते. आजच्या पात्याच्या कडेला ज्या बारीक नागमोडी चिरा दिसतात त्या कडेला फुगायला जागा म्हणून ठेवलेल्या असतात. ज्यांना हे ठाऊक नाही ते पातं तडकलंय म्हणून परत करायला निघतात.

कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर घरं, खाणी, गोद्या यांसाठी लाकडाची मागणी उसळली. तिथल्या प्रचंड वृक्षांवर चालणारी पाती लांबून येत, महाग पडत, आणि दर वेळी धार लावताना व्यासाने थोडी लहान होत. दात तुटला तर पातंच बाद. सॅक्रॅमेंटोच्या नेथन स्पॉल्डिंग यांनी १८६० च्या आसपास बदलता येणारे दात काढले. असे दात बसवायचे प्रयत्न आधीही झाले होते, पण चौकोनी खाचेच्या कोपऱ्यातून पातं तडकायचं. स्पॉल्डिंग यांनी खाच गोलाईची केली. कोपरा गेला, तडकणंही थांबलं. पातं एका धातूचं आणि दात दुसऱ्याचा, ही वाट इथून मोकळी झाली.

त्या वाटेवरून पुढे जे आलं ते करवतीसाठी शोधलेलंच नव्हतं. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार ओढून बारीक करायला हिऱ्याच्या साच्यांची गरज असे, आणि हिरे परवडत नसत. जर्मनीत ऑस्राम कंपनीच्या कार्ल श्र्योटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये घट्ट बांधून भाजली आणि हिऱ्याच्या जवळ जाणारा कठीण पदार्थ मिळवला. क्रुप कंपनीने तो १९२६ मध्ये 'विडिया' नावाने बाजारात आणला. जर्मन भाषेत 'हिऱ्यासारखा' या दोन शब्दांची ती जोडणी आहे. आपल्या वर्कशॉपांत आजही कार्बाइडला 'विडिया' म्हणणारी माणसं भेटतात. दुकानात कार्बाइडच्या दातांच्या पात्याला टीसीटी म्हणतात.

सागवानाशी याचा थेट संबंध आहे. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच बारीक अंश. साध्या पोलादी दाताची धार ती पाहता पाहता खाते. प्लायवुडमधला गोंद, पार्टिकल बोर्ड, सनमायका यांनी तर पोलादी दाताला जागाच ठेवली नाही. कार्बाइडचा दात त्यांच्यापुढे टिकला. मात्र तो ठिसूळ. मार बसला की टवका उडतो. म्हणून पातं पोलादाचंच राहिलं, मार सोसणारं, आणि टोकाला नखाएवढा विडियाचा तुकडा चांदीयुक्त झाळाने जोडला. हा तुकडा पात्यापेक्षा जरा रुंद असतो. दात डावी-उजवीकडे वाकवायची गरज संपली, पण प्लिनीने लिहिलेला नियम तसाच उभा आहे.

आणि कानस गेली. कार्बाइडवर ती चालत नाही. हिऱ्याला पर्याय म्हणून जन्मलेल्या या पदार्थाला धार लावायला हिऱ्याचंच चाक लागतं. सुताराच्या मांडीवर होणारं काम धार लावणाऱ्या दुकानात गेलं. याचं मला वाईट वाटतं. एकच करवत कामाप्रमाणे दात बदलत असे; आता दात कायमचे ठरलेले, म्हणून सुताराला पाती बदलावी लागतात. पात्याची निवड हा प्रश्नच त्यातून निर्माण झाला.

आता त्या ६० दातांचा हिशेब मांडता येतो. दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेतं तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे ५३ मीटर जाते, ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. लाकूड मिनिटाला ४ मीटर सरकवलं तर २४ दातांच्या पात्याचा प्रत्येक दात साधारण ०.०४ मिलिमीटरचा घास घेतो. ६० दातांच्या पात्यावर तो घास ०.०१७ मिलिमीटरवर येतो. एवढ्या बारीक घासात दात रुतत नाही, घासतो. शिवाय उभं फाडताना निघतात ती लांबट सालपटं. दातांमधली खोबण लहान असेल तर ती तिथेच अडकून तापतात. २४ दातांच्या पात्याची खोबण खोल असते, दात सपाट माथ्याचा आणि २० अंशांच्या आसपास पुढे झुकलेला, लाकूड ओढून घेणारा. आडव्या कापाच्या पात्यात ६० ते ८० दात, माथे आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे उतरते, झुकाव १० ते १५ अंश. जिथे पातंच लाकडावर ओढून आणतात अशा यंत्रांत झुकाव शून्याजवळ किंवा उलटाही ठेवतात, नाहीतर पातं लाकडावर चढून अंगावर येतं. ५० दातांचं मिश्र पातंही मिळतं: पाच-पाच दातांचे दहा गट, गटात चार सुरीसारखे आणि एक पटाशीसारखा. ज्याला एकच पातं घेणं परवडतं त्याने ते घ्यावं, पण जाड सागवान रोज फाडायचं असेल तर त्यावर भागत नाही. सनमायकासाठी एक दात कोपरे छाटलेला आणि एक सपाट, अशी जोडी लागते. मोठ्या पॅनल सॉवर तर मुख्य पात्याच्या पुढे उलट फिरणारं छोटं पातं खालची कड आधी चिरून ठेवतं.

जाडीचाही विचार करावा. नेहमीचं पातं ३.२ मिलिमीटरची चीर पाडतं, बारीक पातं २.४ ची. दहा फळ्या फाडल्या तर पहिल्या पात्याने सव्वा इंच सागवान भुशात जातं. मोटर लहान असेल तर बारीक पातंच बरं. ते लवकर थरथरतं, म्हणून लाकूड सावकाश सरकवायचं. पण इतकंही सावकाश नाही की पुन्हा खरवडणं सुरू व्हावं.

२४ दातांच्या पात्यावर माझी पहिली तुळई तासाभरात फाडून झाली. टेबलाखाली साचलेला भुसा मुठीत घेतला तर पिठासारखा नव्हता, बोटांच्या चिमटीत धरता येतील अशी केशरी-तपकिरी सालपटं होती आणि त्यांना सागाच्या तेलाचा वास होता. दुसऱ्या तुळईच्या मध्यावर मात्र खट्ट आवाज झाला. आत लोहाराने घडवलेला खिळा होता, मी लोहचुंबक फिरवून पाहिलं होतं तरी हुकलेला. तीन दातांचे टवके उडाले. सुतारांनी पातं उतरवून कागदात गुंडाळलं. धारवाला जुन्या टिपा तापवून काढेल, नव्या झाळेल, हिऱ्याच्या चाकावर बाकीच्या एकवीस दातांच्या उंचीला आणेल. आठ दिवस लागतील, म्हणाले. खिळा मी पक्कडीने उपटून घेतला. त्याच्या चौकोनी अंगावर दाताने घेतलेला चकचकीत चरा आहे. कपाट झालं की तो त्याच्या पहिल्या फळीवर ठेवणार आहे.